एक पेशंट गेला, दुसरा आला. मधल्या वेळात खोलीत काय होतं?

कृष्णाकाठ

मे महिन्यात बाबांना पॅरालिसिसचा झटका आला. आमच्या भागातल्या एका मोठ्या खासगी हॉस्पिटलात नेलं, तर आयसीयूत बेड नाही. "एक पेशंट वॉर्डात हलवतोय, तेवढं थांबा," म्हणाले. काचेच्या दाराबाहेर मी आणि धाकटा भाऊ, मध्ये स्ट्रेचरवर बाबा.

आतला पेशंट बाहेर पडला तसं मी घड्याळ बघितलं, कारण तेव्हा एकेक मिनिट मोजणंच चालू होतं. एक मावशी बादली घेऊन आल्या. चादर ओढली, गादीवरून ओलं फडकं फिरवलं, त्याच फडक्यानं लॉकरची वरची बाजू पुसली, मग फरशी, मग नवी चादर. नऊ मिनिटं. अकराव्या मिनिटाला बाबा त्या बेडवर होते.

तेव्हा हायसं वाटलं. संध्याकाळी भेटायच्या वेळेत आत गेलो तर बेडच्या उजव्या कठड्याला, आतल्या अंगानं, पांढऱ्या चिकटपट्टीचा बोटभर तुकडा दिसला. कडा काळ्या पडलेल्या. आधीच्या कुणाची तरी नळी तिथे चिकटवलेली असणार. बाबांची डावी बाजू गेलेली, त्यामुळे चांगला राहिलेला उजवा हात सारखा त्या कठड्यावरच. चार दिवस तो तुकडा तिथेच होता. पाचव्या दिवशी मीच नखानं खरवडून काढला.

तिसऱ्या दिवशी व्हेंटिलेटर लागला होता. सातव्या दिवशी ताप चढला आणि कल्चरमध्ये अ‍ॅसिनेटोबॅक्टर नावाचा जंतू आला. कोलिस्टिन हे जालीम अँटिबायोटिक द्यावं लागलं. एकतीस दिवसांनी घरी आणलं. आता काठी घेऊन अंगणापर्यंत चालतात.

"जंतू कुठून आला ते सांगता येत नाही," असं डॉक्टर म्हणाले, आणि ते मला मान्य आहे. भांडण काढायला हा धागा नाही. मला एवढंच समजून घ्यायचं आहे की एक पेशंट गेल्यावर आणि दुसरा यायच्या आधी त्या खोलीत नेमकं काय व्हायला हवं? आणि नातेवाइकानं ते कुणाला, कोणत्या शब्दांत विचारायचं? इथे हॉस्पिटलात काम करणारे बरेच जण आहेत, म्हणून विचारतोय.

रातपाळी

दादा, बाबा चालायला लागले हे वाचून बरं वाटलं.

मी २२ वर्षं आयसीयूत सिस्टर आहे. आधी सरकारी, आता ट्रस्टचं हॉस्पिटल. तुम्ही पाहिलं त्याला आम्ही बेड बदलणं म्हणतो. जे व्हायला हवं त्याला टर्मिनल क्लीनिंग म्हणतात, आणि दोन्हींत फार अंतर आहे. आमच्याकडे एका बेडला चाळीस ते पंचेचाळीस मिनिटं धरतात, तीही दोघांनी मिळून केलं तर.

आधी सगळं बाहेर काढायचं. वापरलेल्या सिरिंजा, उरलेलं सलाईन, अर्धा राहिलेला कापूस, उघडलेलं पण न वापरलेलं पाकीट, काहीही पुढच्या पेशंटसाठी ठेवायचं नाही. चादरी झटकायच्या नाहीत, आतल्या बाजूला गुंडाळून पिशवीत घालायच्या. पडदे असतील तर तेही उतरवायचे. मग साबणाच्या पाण्यानं धुऊन पुसणं आणि त्यानंतर जंतुनाशक. हा क्रम चुकला तर सगळं वाया जातं. रक्त, थुंकी, मलमाचा थर तसाच ठेवून वरून हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट हे जंतुनाशक, ओतलं की हायपोचा जोर त्या घाणीवरच संपतो, खालचे जंतू जिवंत राहतात. तुमच्या चिकटपट्टीचंही तेच. तिच्याखाली औषध पोचतच नाही.

पुसायचं वरून खाली, आणि स्वच्छ भागाकडून घाण भागाकडे. आधी दिव्याचा हात, मॉनिटर, सलाईन स्टँड, मग कठडे, गादीच्या दोन्ही बाजू आणि शिवण, कॉटची चौकट, चाकं. फरशी सगळ्यात शेवटी, लांबच्या कोपऱ्यातून दाराकडे. दर बेडला नवं फडकं. झाडू आयसीयूत आणायचाच नाही, त्यानं धूळ उडते आणि धुळीबरोबर जंतूही.

नव्या मुलींना मी डोळे मिटून बेडजवळ उभं करते आणि सांगते, पेशंटला कुशीवर वळवायचंय, हात कुठे जातो बघ. हात जातो कठड्याच्या खालच्या बाजूला, जिथे बोटं वळून पकड घेतात. पुसणाऱ्याचं फडकं मात्र वरूनच जातं. बीपीचा पट्टा, मॉनिटरचं फिरवायचं बटण, बेलची वायर, इन्फ्युजन पंपाची कीपॅड, ड्रॉवरची मूठ, यांचंही तसंच. सगळ्यात जास्त हात तिथेच लागतात आणि नेमकं तेच राहून जातं.

सूक्ष्मदर्शक

सिस्टरांना पूर्ण अनुमोदन. मी मायक्रोबायॉलॉजीत आहे, म्हणून जंतूंच्या बाजूनं थोडं लिहितो.

जंतू ओलाव्यातच राहतात, कोरड्या पत्र्यावर मरतात, असं बऱ्याच जणांना वाटतं. अ‍ॅसिनेटोबॅक्टर कोरड्या पृष्ठभागावर तीन दिवसांपासून पाच महिन्यांपर्यंत जगल्याच्या नोंदी आहेत. एमआरएसए, म्हणजे नेहमीच्या अँटिबायोटिकांना न जुमानणारा स्टॅफिलोकोकस, सात महिन्यांपर्यंत. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जुलाबाचा जंतू आहे, त्याचे बीजाणू, म्हणजे जाड कवचातलं चिवट रूप, पाच महिने टिकतात. आधीच्या पेशंटला असा चिवट जंतू असेल, तर त्याच खोलीत नंतर येणाऱ्याला तो लागण्याचा धोका वाढतो, हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. आधीचा पेशंट घरी जातो, त्याचे जंतू कठड्यावर राहतात.

पुसलं की नाही हे डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी एक साधी युक्ती आहे. डोळ्यांना न दिसणारं, पण अतिनील दिव्याखाली चमकणारं जेल असतं. त्याचा ठिपका आदल्या दिवशी कठड्यावर, बटणावर, मुठीवर लावून ठेवायचा. सफाईनंतर दिवा मारून बघायचा, ठिपका गेला की राहिला. अमेरिकेत २३ हॉस्पिटलांत असं पाहिलं तेव्हा खुणा केलेल्या जागांपैकी निम्म्याच पुसल्या गेल्या होत्या. तिथल्या सगळ्या सोयी असूनही निम्म्याच. पण हा प्रयोग पुढे चालू ठेवून सफाई करणाऱ्यांना निकाल दाखवत गेले, की प्रमाण बरंच वाढतं. ठिपका स्वतःच्या डोळ्यांनी चमकताना पाहिलेला माणूस ती जागा पुन्हा विसरत नाही. आमच्याकडे हे जेल येईपर्यंत आम्ही इन्चार्ज सिस्टरांना घेऊन साध्या टॉर्चनं कठड्याची खालची बाजू बघायचो. तेवढ्यानंही फरक पडला.

आणखी एक गोष्ट, कारण ती फार शिकवून जाते. कॅन्डिडा ऑरिस ही बुरशी २००९ मध्ये जपानमध्ये पहिल्यांदा नोंदली गेली. आज ती आपल्याकडच्या आयसीयूंतही आहे. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या न्यूरो आयसीयूत २०१५ ते २०१७ या काळात तिची ७० पेशंटांना लागण झाली. शोधता शोधता काय सापडलं? काखेत ठेवायचा, पुन्हा पुन्हा वापरला जाणारा तापमापकाचा सेन्सर. ते सेन्सर बंद केल्यावर साथ ओसरली. भिंती कितीही धुतल्या असत्या तरी उपयोग नव्हता, कारण जंतू बसला होता या काखेतून त्या काखेत जाणाऱ्या वस्तूवर.

गावचा_डॉक्टर

तालुक्याच्या गावी माझं वीस खाटांचं नर्सिंग होम आहे. आम्ही दर रविवारी ओटी (ऑपरेशन थिएटर) आणि दोन स्पेशल रूम फॉर्मॅलिननं, म्हणजे फॉर्मॅल्डिहाइडच्या द्रावणाच्या धुरानं, फॉग करतो. माझ्या सरांनी तसंच शिकवलं, मीही पंचवीस वर्षं तेच करत आलो. धूर सगळीकडे पोचतो, कोपऱ्यातही, फडकं तिथे पोचत नाही. मग एवढं पुसापुशीवर जोर का? मनापासून विचारतोय. चाळीस मिनिटं मला परवडत नाहीत. माझ्याकडे एक मामा आणि दोन मावशी आहेत.

सूक्ष्मदर्शक

डॉक्टरसाहेब, आपली पिढीच त्या वासात शिकली. सोमवारी सकाळी ओटी उघडली की डोळ्यांतून पाणी यायचं, आणि त्यालाच आपण स्वच्छतेचा पुरावा मानत होतो.

अडचण अशी की धूर पृष्ठभागावर पोचतो, पण तिथली घाण उचलत नाही. घाणीच्या थराखालचा जंतू सुरक्षित राहतो. सोमवारी पहिली केस झाली, फरशीवर रक्त सांडलं, की रविवारच्या धुराचा हिशोब तिथेच संपला. शिवाय फॉर्मॅल्डिहाइडमुळे माणसात कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं मान्य केलेलं आहे, आणि ते श्वासात जातं खोली उघडणाऱ्या मामांच्या. फॉर्मॅलिनची आणि हायपोची गाठ पडू देऊ नका. त्यातून तयार होणारं रसायनही कॅन्सरकारक आहे. पेशंटच्या खोल्यांत नेहमीचं म्हणून फॉगिंग करू नका, असं अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी स्पष्ट सांगते. कोविडच्या वेळी, मे २०२० मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेनंही घरात-दवाखान्यात जंतुनाशक फवारण्याऐवजी फडक्यानं पुसा असंच सांगितलं होतं.

तुमच्या रविवारच्या फॉगिंगला खोली बंद करणं, वाट बघणं, अमोनियानं वास मारणं, परत उघडून पुसणं, मिळून किती तास जातात? त्यातले निम्मे तास आठवड्यातल्या डिस्चार्जना वाटून टाका. माणूसबळ तेवढंच लागेल.

गावचा_डॉक्टर

तासांचा हिशोब मी कधी असा मांडला नव्हता. मामा मास्कसुद्धा न घालता आत जातात हे खरं आहे. या रविवारी फॉगिंग करत नाही. ओटीची एअर कंडिशनिंग मात्र साधी स्प्लिट आहे, त्याचं काय करावं यावर वेगळा धागा काढतो.

मावशीचा_लेक

माझी आई चौदा वर्षं एका हॉस्पिटलात मावशी आहे. ठेकेदाराकडून. पहिल्या पोस्टमधल्या नऊ मिनिटांबद्दल वाचलं तेव्हा मला त्या मावशींच्या जागी आईच दिसली, म्हणून लिहायला बसलो.

आईच्या पाळीत तीस बेड आणि दोघीजणी. बेड रिकामा झाला की वॉर्डातून फोन, कॅज्युअल्टीतून फोन, सुपरवायझर डोक्यावर उभा. "झालं का, झालं का" एवढंच कानावर. चाळीस मिनिटं घेतली असती तर दुसऱ्या दिवशी काम गेलं असतं. जंतू म्हणजे काय, कठड्याची खालची बाजू का पुसायची, हे तिला चौदा वर्षांत कुणी बसवून सांगितलेलं नाही. औषध किती घालायचं तर "झाकणभर टाक". कुठल्या कॅनचं झाकण, किती पाण्यात, काही नाही. कॅन बदलला की झाकण बदलायचं.

तीन वर्षांपूर्वी संडास जास्त घाण होता म्हणून तिनं लादी धुवायचं अ‍ॅसिड ओतलं आणि त्यावर ते हायपो. पिवळट वाफ आली. दार लावलेलं. खोकून खोकून बाहेर येऊन पडली. दोन दिवस ऑक्सिजनवर होती, त्याच हॉस्पिटलात, आणि त्या दोन दिवसांची हजेरी कापली. ती अजूनही जिना चढताना मध्ये थांबते.

तिच्या उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट यांच्यामधली कातडी कायम पांढरी, सोललेली असते. ग्लोव्ह्ज मिळतात ते पातळ, तपासणीचे. हायपोत अर्ध्या तासात फाटतात. रात्री खोबरेल तेल लावून झोपते.

नातेवाइकांना मावशींचा राग येतो ते मी समजू शकतो. पण फडकं किती वेळ फिरवायचं हे मावशी ठरवत नाहीत.

कृष्णाकाठ

भाऊ, तुमची पोस्ट दोनदा वाचली. माझा राग त्या मावशींवर होता, आणि तो लिहिताना मी लपवला होता. आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांच्या छातीचं पुढे कुणाला दाखवलं का? हजेरीबद्दलही विचारायला हवं.

रातपाळी

लेका, तुझ्या आईला क्लोरीनचा गॅस लागला. हायपो आणि अ‍ॅसिड एकत्र आलं की तो सुटतो. अमोनियाबरोबरही विषारी वायू होतो. हायपोत काहीही मिसळायचं नाही, साधं पाणी सोडून. गरम पाणीसुद्धा नाही. हे प्रत्येक संडासाच्या दारावर मराठीत लिहिलेलं असायला हवं.

झाकणाच्या हिशोबावर आम्ही काय केलं ते सांगते, कुणाला उपयोग होईल. आमच्याकडे पाच टक्क्यांचं हायपो येतं. रक्त सांडलं तर एक टक्का लागतं, म्हणजे एक मग औषध, चार मग पाणी. कठडे, लॉकर वगैरेसाठी एक लिटर पाण्याला वीस मिली पुरतं. कॅन दहा टक्क्यांचा आला तर औषध निम्मं, म्हणून कॅन आला की आधी लेबल वाचून इन्चार्ज त्यावर मोठ्या अक्षरात टक्केवारी लिहिते. बादलीला आतून ऑइल पेंटनं दोन रेघा मारल्या आहेत, लाल रेघेपर्यंत पाणी, आणि औषधाचा मग बादलीलाच साखळीनं बांधलेला. आमच्या एका मावशींना वाचता येत नाही, त्यांचं द्रावण सगळ्यांत अचूक असतं.

रोज ताजं करायचं. हायपो उन्हात, उघड्यावर ठेवलं की दोन-चार दिवसांत नुसतं पाणी उरतं. मॉनिटर आणि पंपाला हायपो लावायचं नाही, धातू गंजतो, स्क्रीन खराब होते. तिथे कंपनीनं सांगितलेले वाइप्स वापरायचे. आणि रक्त सांडलं तर लगेच मॉप फिरवू नका, ते पसरतं. आधी कागद किंवा गॉज टाकून शोषून घ्या, वर एक टक्का हायपो ओता, दहा ते वीस मिनिटं थांबा, मग उचलून पिवळ्या पिशवीत.

सूक्ष्मदर्शक

सिस्टर, रेघांची कल्पना मी उचलतो आहे.

जाता जाता, हे औषध आपल्या गावांना अजिबात नवं नाही. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूती रुग्णालयात डॉ. सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये शंभरातल्या अठरा बाळंतिणी दगावत होत्या, जूनमध्ये दोनाच्या आसपास. तो क्लोरीनयुक्त चुना म्हणजे ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल पावडर. गेल्या पावणेदोनशे वर्षांत औषध तेच राहिलं आहे.

भारद्वाज

इंग्लंडमध्ये एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, एका हॉस्पिटलात वॉर्डची जबाबदारी बघतो. मूळचा नगरचा.

इथेही हे सुखासुखी आलेलं नाही. केंटमधल्या मेडस्टन आणि टनब्रिज वेल्सच्या हॉस्पिटलांत २००४ ते २००६ दरम्यान क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलची साथ आली. ऑक्टोबर २००७ मध्ये चौकशीचा अहवाल निघाला, त्यात सुमारे ९० मृत्यूंना हा जंतू नक्की किंवा बहुतेक कारण ठरल्याचं म्हटलं होतं. बेड एकमेकांना खेटून, नर्स कमी, बेडपॅन नीट न धुतलेली. देश हादरला. त्यानंतर सफाईला गांभीर्य आलं.

आता इथे रंग ठरलेले आहेत. लाल फडकं आणि लाल बादली संडास-बाथरूमला, निळी वॉर्डला, हिरवी स्वयंपाकघराला, पिवळी विलगीकरणाच्या खोलीला. लाल फडकं चुकून लॉकरवर दिसलं तर वॉर्डातला कुणीही थांबवू शकतो. आणि सलाईन स्टँड, कमोड अशी वस्तू पुसली की तिच्यावर "मी स्वच्छ आहे" अशी हिरवी पट्टी चिकटवतात, तारीख आणि सही करून. पट्टी नसेल तर ती वस्तू पेशंटजवळ न्यायची नाही.

अतिनील किरणांची यंत्रंही आली आहेत. खोली रिकामी करून लावून ठेवतात. अमेरिकेतल्या नऊ हॉस्पिटलांत मोठा प्रयोग झाला होता, २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. नेहमीच्या सफाईवर ही किरणं जोडली तर पुढच्या पेशंटची लागण काही प्रमाणात कमी होते. पण ते सफाईनंतर. कठड्याच्या सावलीत किरण पोचत नाहीत, आणि वाळलेल्या घाणीतूनही आरपार जात नाहीत. आपल्याकडे कुणी विक्रेता "पुसायची गरजच नाही" म्हणून यंत्र विकायला आला तर घेऊ नका.

अबोली

माझा प्रश्न घरचा आहे. सासूबाईंना आयसीयूतून घरी आणतोय, दोन आठवडे जुलाब होते, त्याच क्लॉस्ट्रिडियमचे. सगळं घर हायपोनं पुसायचं का? घरात चार वर्षांचा मुलगा आहे. शेजारच्यांनी सॅनिटायझरचा पाच लिटरचा कॅन आणून दिलाय.

रातपाळी

अबोली, घाबरून जाऊ नकोस, सगळं घर नाही पुसायचं. त्यांचा संडास शक्य असेल तर वेगळा ठेव. कमोडची सीट, फ्लशचं बटण, नळ, दाराची कडी, एवढ्या जागा दिवसातून एकदा आधी साबणानं आणि मग सौम्य हायपोनं, खिडकी उघडी ठेवून. मुलगा तेव्हा दुसऱ्या खोलीत असू दे. मळलेल्या चादरी वेगळ्या, गरम पाण्यात धू.

आणि या जंतूच्या बीजाणूंवर सॅनिटायझर चालत नाही. तो कॅन बाजूला ठेव. साबण आणि वाहतं पाणी, तळहातापासून मनगटापर्यंत नीट चोळून, त्यांचं काही केल्यावर आणि जेवायच्या आधी. मुलालाही तेच. त्यांना पुन्हा जुलाब सुरू झाले तर घरी औषध देत बसू नकोस, लगेच डॉक्टरांना कळव.

कृष्णाकाठ

धागा काढून दोन महिने झाले. कालचं सांगायचं होतं.

बाबांची लघवीची नळी बदलायला एका दिवसासाठी दाखल करायचं होतं. या वेळी दुसरं हॉस्पिटल, लहानसं. खोली दाखवली, पण आत जाऊ देईनात. मी इन्चार्ज सिस्टरांना विचारलं, "आधीचा पेशंट गेल्यावर ही खोली कधी आणि कशानं पुसली?" घसा कोरडा पडला होता माझा. त्यांना राग आला नाही. दारामागे अडकवलेला तक्ता काढून दाखवला, त्यावर वेळ, औषधाचं नाव आणि खाली एक अंगठा होता.

आत मावशी कठड्याच्या खालच्या बाजूनं फडकं फिरवत होत्या, उकिडव्या बसून. उठल्या आणि म्हणाल्या, "दादा, आजोबांना दहा मिनिटं बाहेरच बसवा. ओलं हाय अजून."

बाबा व्हीलचेअरवर बसून राहिले. मी त्या मावशींना हातमोज्यांबद्दल विचारलं. रबराचे, जाड, कोपरापर्यंतचे होते.

एक शंका राहिली. भाऊ म्हणाला, ओलं होतं तर कोरड्या फडक्यानं पुसून घ्यायचं ना, आजारी माणसाला कशाला ताटकळत ठेवायचं?

रातपाळी

नाही दादा, कोरड्या फडक्यानं पुसायचं नाही. औषध ओलं असतं तोवरच काम करतं. आपोआप वाळू द्यायचं. मावशी बरोबर बोलल्या.